शेवटचं पान

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. बायको म्हणते, माझी श्रद्धा फक्त बीपीच्या गोळीवर आहे, आणि तीही मी विसरतो. तरी हे लिहितोय...

आंधळगावला माझे मामा राहतात. वय ब्याऐंशी, काचबिंदूनं दृष्टी गेलेली. घरात हाती लिहिलेली एक जुनी पोथी आहे. श्रावणात मामा ती म्हणतात, आता पाठच आहे त्यांना. फक्त शेवटचं पान कोरं. मामांच्या जन्माआधीच छपराची कवेलू गळून त्यावरची शाई धुतली गेली. मग रीत अशी पडली की ते पान तळहातावर धरायचं आणि सगळ्यांनी तेवढा वेळ गप्प बसायचं. माझ्या पोटातून तेव्हाच आवाज येतात, तो भाग वेगळा.

मामा नेहमी म्हणायचे, "ते पान एकदा ऐकू द्या रे... मंग मी मोकळा."

माझी मुलगी रेवती नागपूरला जुन्या कागदांच्या डिजिटल फोटोंचं काम शिकते. यंदा ती कॅमेरा आणि रंगीत दिवे घेऊन आली. मामांनी पान तिच्या हाती देता देता त्यावरून बोट फिरवलं – आणि चार ओळी म्हटल्या. त्यातली दुसरी दोनदा : 'उघडी ठेवावी कवाडें, पाहुणा येतसे.'

मी रेवतीच्या कानात म्हटलं, "मामा अटकले."

"हे कुठलं, आजोबा?" तिनं विचारलं.

"मले का मालूम? तोंडात आलं, बोललो."

तिच्या फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं.

आठ दिवसांनी वेगवेगळ्या उजेडातले फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवले, तेव्हा पुसलेली अक्षरं वर आली. चार ओळी. त्याच. लिहिणाऱ्यानं चुकून दुसरी ओळ दोनदा उतरवली होती आणि मग एकीवर बारीक रेघ मारली होती.

मामांच्या वडिलांनीही ते पान कोरंच पाहिलेलं. बोटाला अक्षरं लागली असतील म्हणून मी डोळे मिटून चाचपलं, कागदच लागला.

लॅपटॉप घेऊन आम्ही आंधळगावला गेलो. मामा दुपारचे झोपले होते. मामींनी अंगणातच सगळं ऐकून घेतलं आणि माझा हात धरला.

"त्यायले नको आयकवू, सुधीर. मोकळा म्हंजे काय, मले समजते."

मी हसण्यावारी नेणार होतो. जमलं नाही. लॅपटॉप न उघडताच परतलो.

आता दर रविवारी मामांचा फोन येतो. "निघाला का रे फोटो?"

"काम चालू हाय, मामा," मी सांगतो. "टाइम लागते."