उलटं शिवलेलं खोकं

लातूर जिल्हा झाला आणि वडील नव्या कचेरीत शिपाई म्हणून लागले. आता आपलं भलं होणार असं घरात सगळ्यांना वाटत होतं. त्याच सुमाराला पावसानं पाठ फिरवली. टँकर आला की वस्ती धावायची, आणि आमच्या घागरी रांगेत कुठं ठेवायच्या हे कुणी न सांगताही ठरलेलं असायचं. आम्ही बौद्ध, आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. आमचं आडनाव ऐकलं की आमच्या भागातल्या माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही.

आई येसूर करायची. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरे सगळं वेगवेगळं भाजून दळलेली काळपट पूड. घरात भाजीचं पान नसलं तरी उकळत्या पाण्यात येसूर ढवळला की आमटी होते. दुष्काळात बाजारातून भाजी गेली आणि आईच्या येसराला मागणी आली. लोकांचा वाईट काळ आमच्या पथ्यावर पडला होता. मला त्याची भीतीच वाटायची. असं मिळालेलं टिकत नाही, असं मनात यायचं.

सगळा माल घ्यायचा नांदेडचा एक दुकानदार. तो डाळी खरेदीला लातूरला आला की आमच्या दारात उभा राहायचा. गोड बोलायचा, पण घरात कधी आला नाही आणि पाण्याचा घोटही कधी घेतला नाही. "आज उपास हाय ना ताई," म्हणायचा. आठवड्याचे सातही वार त्याच्या उपासाचे. वडिलांना त्यात काही वावगं दिसत नसे, आणि आई नुसती हसायची.

माल एस.टी.नं जायचा. साबणाची, बिस्किटांची जुनी खोकी आणायची, येसराचे पुडे भरायचे, सुतळीनं बांधायचं. पुड्यांवर काहीच छापलेलं नसायचं. एकदा खोक्याला साबणाचा वास राहिला आणि सगळा माल वाया गेला. तेव्हा आईनं मनावर घेतलं. आपली स्वतःची, छापलेली खोकी करायची.

खोकी करणारा कारखानदार नांदेडलाच होता. आम्ही तिघं गेलो. त्यानं पुठ्ठे दाखवले, वाकवून, दाबून. शाई दोनच रंगांत होती, लाल आणि निळी. वडील घाईनं म्हणाले, "लाल." आईनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं, पण रंगावरून ती भांडली नाही. मग कारखानदारानं विचारलं, "नाव काय टाकायचं? एखादी देवी टाकू का? देवीचं चित्र लई चालतं."

"नुसतं लातूर टाका," वडील म्हणाले. "मोठ्या अक्षरात. नवा जिल्हा हाय."

"माझं नाव टाका," आई म्हणाली. "पूर्ण. आडनावासकट."

वडिलांचा चेहरा उतरला. बाहेर येऊन ते हळू आवाजात तिला समजावत राहिले, की माल चाललाय ना, मग सुखाचा जीव दुःखात कशाला घालायचा. दुकानदाराच्या कानावर गेलं तेव्हा तोही हेच म्हणाला. "ताई, नावाचं कशाला करून राहिले? गिऱ्हाईक काय नाव खातंय?"

"न्हाई खात ना? मग असू द्या की नाव," आई म्हणाली.

खोकी आली. लाल अक्षरांत आईचं नाव, खाली 'येसूर', खाली 'जि. लातूर'. मी त्यांच्यावरून हात फिरवत बसायचे. अभिमान होताच, पण भीतीही वाटायची. पहिली खोकी एस.टी.च्या टपावर चढली तेव्हा वडील घाम पुसत उभे होते. काहीच झालं नाही. मागणी होती तशीच राहिली, उलट वाढली. दुकानदार पुन्हा दारात आला, हसला, उपास असल्याचं सांगून गेला. वडील खुलले. मला मात्र ते हसू आवडलं नाही.

उन्हाळ्याआधी मला किनवटला मावशीकडं पाठवलं. तिकडं जंगल, त्यामुळं पाणी होतं. मावशी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती. एक दिवस तिथं नांदेडहून किराणा आला. त्यात एक कोरं खोकं होतं. मावशीनं सुतळी कापली आणि आत येसूर निघाला. वासावरूनच मी ओळखला. तो वास आमच्या अंथरुणा-पांघरुणालाही असायचा. पुडे काढायला मी आत हात घातला आणि खोक्याच्या आतल्या अंगाला लाल अक्षरं दिसली. आईचं नाव होतं, आडनावासकट.

कुणीतरी खोक्याच्या सांध्याच्या तारा उपसल्या होत्या. पुठ्ठा उलटा घडी घालून, कोरं अंग बाहेर घेऊन, सांधा सुतळीनं पुन्हा शिवला होता. तारांची जुनी भोकं तशीच होती. मावशीनं टाके पाहिले.

"दाभणानं शिवलंय गं. निवांत बसून केलेलं काम हाय हे," ती म्हणाली आणि चुलीपाशी जाऊन बसली. त्या रात्री मुलींनी येसराची आमटी मागून मागून घेतली. मला इतका राग आला होता की रडूही येत नव्हतं.

परत येताना ते खोकं घडी करून काखेत आणलं. आईनं ते उलगडलं आणि टाक्यांवरून बोट फिरवलं. वडील म्हणाले, "माल तर जातोय ना?"

"माल जातोय. मग मीच का न्हाई जात?"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच नांदेडला गेली. पुठ्ठ्याला दोन्ही अंगांनी छापा, म्हणून सांगून आली. आतून कोण छापतं बाई, म्हणून कारखानदार हसला म्हणे, पण त्यानं छापून दिलं. तो माल गेला. वडील रोज कचेरी सुटली की एस.टी.च्या पार्सल खिडकीशी जाऊन उभे राहायचे. शेवटी एक दिवस ते नांदेडहून परत आलेलं खोकं डोक्यावर घेऊन आले. न उघडलेलं, आईनं मारलेली गाठ तशीच. निरोप काही नव्हता. दुकानदार पुन्हा दारात आला नाही.

"साधी खोकी घेऊ," वडील काकुळतीला आले होते.

आईनं तेच खोकं उचललं आणि मला घेऊन बाजारात गेली. पोतं अंथरलं, खोकं नावाची बाजू रस्त्याकडं करून ठेवलं, एक पुडा उघडून पुढ्यात मांडला. माणसं वाचायची आणि पुढं जायची. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. कुणीतरी चार शब्द बोलावेत असं मला वाटत होतं.

दुपार कलली तेव्हा एक बाई थांबली. नव्या कचेरीतल्या कुणा साहेबाची बायको असावी. तिनं चिमूट घेऊन नाकाशी नेली आणि तिचा चेहरा एकदम फुलला. "अगंबाई, हा तर नांदेडचा येसूर! आमच्याकडं हाच येतो. ह्यांना दुसरा चालतच नाही."

"माझाच हाय तो," आई म्हणाली. "मीच धाडत होते नांदेडला."

बाईनं खाली पाहिलं. खोक्यावरचं नाव वाचलं, मग आडनाव. तिचे ओठ हललेले मला दिसले. तिनं चिमूट हळूच पुड्यात परत टाकली आणि बोटं पदराला पुसली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली. मग निघून गेली.

मला वाटलं, आता आई उठेल. मी पोतं आवरायला वाकलेसुद्धा. आईनं माझा हात धरला आणि मला खाली बसवलं. बाजार उठेपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो.