बाबांचं पस्तान

आमच्या नारायणगुड्याच्या घरात कुणाचं बोलण्याकडे लक्ष नसलं की आत्या म्हणायची, "हा हितं कुठंय? ह्याचं पस्तान गेलंय." पस्तान म्हणजे प्रस्थान. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या वेळी एक गाठोडं वाटेवरच्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायचं, की प्रवास सुरू झाला. मग माणूस घरात बसून ताक पीत का असेना, तो गेला. इतरांच्या घरी ही नुसती रीत होती. आत्याच्या राज्यात तो कायदा होता, निजाम सरकारच्या कायद्याहून कडक.

मी परकर-पोलक्यात होते तेव्हा बाबांची बदली आदिलाबादेकडच्या जंगलातल्या तालुक्याला झाली. तिथला हिवताप माणसं गिळतो असं सगळे म्हणायचे. निघायचं बुधवारी, आणि बुधवारी उत्तरेला दिशाशूळ, तिकडे जाणं अशुभ. म्हणून आत्यानं सोमवारीच आईकडून धोतर, सुपारी आणि हळदीचे तांदूळ बांधून घेतले आणि गाठोडं पुढच्या गल्लीतल्या वकिलांकडे धाडलं.

तेव्हापासून बाबा घरात नव्हते. पंगतीत त्यांचं पान नाही. आईनं त्यांना पाहुण्यासारखं मागच्या पडवीत वाढलं. मी हाक मारली तर आत्या डोळे वटारी, "गेलेल्या माणसाला मागून हाक मारायलीस?" बाबाही बिचारे गेल्यासारखे गप्प बसून राहिले. हसावं की रडावं कळेना. मी रडले.

मंगळवारी दुपारी कचेरीचा चपराशी दारात आला. आत्याला म्हणाला, "साब हैं क्या, माँजी? घर पे मिले तो बदली मौकूफ, निकल गए तो जाने दो बोले बड़े साब."

आत्याचा चेहरा उतरला. 'आहे' म्हणावं तर बदली टळते, पण पस्तान मोडतं. तिचा नवरा ऐन तारुण्यात असंच पस्तान मोडून प्रवासाला गेला होता, आणि तिकडेच तापानं संपला. दाराची चौकट धरून ती म्हणाली, "निकल गए."

बाबा ताकाच्या पेल्यासकट धावत बाहेर आले. "अरे मियाँ, मैं यहीं हूँ!"

चपराशानं लवून सलाम केला. "आदाब, साब. मगर माँजी निकल गए बोले. बुजुर्गां की बात मैं कैसा झुटलाऊँ?"

"मैं दिख रहा हूँ ना?"

"हौ, साफ दिख रैं," म्हणाला आणि चपला घालू लागला.

मी आत्याचा पदर धरून ओरडले, "गेलेत तर परत आण ना त्यांना!"

आत्यानं चौकट सोडली. मग चपराशाला म्हणाली, "बैठो, चाय पियो. आते होंगे." आणि बाबांकडे न बघता भिंतीला सांगितलं, "वकिलांकडून गाठोडं उचल, काचीगुड्याच्या ठेसनावर जा, आणि मग घरी ये."

बाबा पगडी घालून गेले. चपराशी चहा पीत बसला. आपण कुणाची वाट बघतोय हे कुणीच बोललं नाही. शेवटी टांगा थांबला आणि घामाघूम झालेले बाबा बगलेत गाठोडं घेऊन उतरले. आत्यानं आईकडून त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळवला, पायांवर पाणी ओतवलं आणि गंभीरपणे विचारलं, "गाडीत गर्दी होती का रे?"

"होती," बाबा म्हणाले.

चपराशी उठला. "मुबारक हो, साब. घर पे मिल गए आप. बदली मौकूफ."

मी बाबांना घट्ट मिठी मारली. इतका आनंद मला पुढे क्वचितच झाला. आत्या मात्र गाठोडं मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती. गाठ सुटत नव्हती.

"कुणाचं तरी पस्तान परत घरी आलं गं बाई," ती म्हणाली, आणि गाठीवर डोकं टेकून रडायला लागली.