रिग्गईतल्या भिंतीतला चौथा स्क्रू

साळवीकाका आज सकाळी गेले. नकाशा अर्धवट टाकून.

काका मूळचे रत्नागिरीचे, कुवेतमध्ये फिटर फोरमन. नव्वद साली इराकी सैन्य शहरात घुसलं तेव्हा ते इथेच अडकले होते.

त्या महिन्यांत कोण कुठे लपलं, सगळ्यांसाठी कुठे जेवण शिजलं, पत्रकं कुठे छापली, हे सगळं त्यांना ऑनलाइन मॅपवर आणायचं होतं. मी आयटीवाली, म्हणून मला धरलं.

दोन वर्षांत सगळ्या पिन लागल्या. एक सोडून.

अबू समीर. पॅलेस्टिनी मास्तर. एकदा देश गमावून इथे आलेला. कुवेत शहरातल्या रिग्गई भागात, आपल्या खोलीत सैन्याविरुद्ध पत्रकं छापायचा. युद्ध संपलं, सगळ्याच पॅलेस्टिनींवर इराकला साथ दिल्याचा संशय आला, आणि त्याला कुवेतही सोडावं लागलं.

त्याचं नाव कुठेच नाही. निदान घर तरी नकाशावर हवं, हा काकांचा हट्ट.

पण घर सापडेना. कारण सैनिकांना पत्ते कळू नयेत म्हणून त्या गल्लीतल्या सगळ्या नंबरप्लेट एका दुपारी काकांनीच काढल्या होत्या.

मी म्हटलं, "काका, शत्रूला चकवायचं होतं. स्वतःला नव्हे."

"काम चोख झालं, म्हणून बोलतेस."

नात म्हणाली, "आजोबा, जस्ट ड्रॉप इट समव्हेअर ना."

काका तिच्यावर कधी चिडत नसत. त्या दिवशी चिडले.

"अंदाजे दार ते सैनिक ठोठावायचे. आपण नाही."

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, मृत्युपत्र.

"मास्तरच्या प्लेटचा चौथा स्क्रू निघालाच नाही गो. गंजलेला. डोकं तुटलं, दांडी भिंतीत राहिली. फाटकाच्या उजवीकडे."

पस्तीस वर्षं हे पोटात ठेवलं होतं. का, तर फोरमन माणूस, अर्धवट काम कुणाला सांगणार!

मी रागावणार होते. पण ते इतके ओशाळले होते की त्यांना पाणी पाजलं.

त्या गल्लीत जुनी घरं थोडीच उरलीत. वर रंगाचे थर असतील. असू देत, बोटांना लागेल.

शुक्रवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, मी निघतेय. यायचं त्यांनी या. पाण्याची बाटली आणा, सल्ले घरी ठेवा.

घर पाडलेलं निघालं, तर पुढच्या शुक्रवारी जुने शेजारी शोधू.

श्रद्धांजली पिन लागल्यावर वाहीन, काका. अंदाजे लावणार नाही.

तोवर, या.