आईचा बँड देव्हाऱ्यात

मंडळी, डॉक्टरांनी आईला हालचाल वाढवायला सांगितली, म्हणून मी तिला फिटनेस बँड घेऊन दिला. आज ॲपमध्ये बघतो तर काय, बाई दिवसभर बसूनच!

तणतणत करी रोडला तिच्याकडे गेलो. आई सिंकपाशी उभी राहून कोलंबी सोलत होती. बँड हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात.

"घालत का नाहीस?"

"घालतंय तर! दुपारी टीव्ही बघतना. कामात घातलो तर खराब होतलो, बाजारात नेलो तर माशांचो वास लागतलो."

"अगं, त्याला वाटतंय तू नुसती बसून असतेस!"

आई हसली. "वाटांदे रे. मी बसलंय असा कोणाक तरी वाटला!"

मी कोलंबी ओढून घेतली. आता ती खरंच बसलीय, आणि मी सोललेल्या कोलंबीला नावं ठेवतेय.

बँड घ्यावा का, विचारत होतात ना? घ्या की. पण आधी कोलंबी सोलायला शिका.