बोथट टोकाचा चाकू

कोयता घेऊन पाण्यात उतरायचं, ही चूक आमच्याच घरात होऊ शकत होती. माझे वडील, म्हणजे आबा, पाथर्डीकडच्या कोरड्या गावातून ऊसतोडीला कोपरगावला आले आणि इथेच राहिले. बुडी मारायला ते गावाकडच्या विहिरीत शिकलेले. इथे शेतकऱ्यांच्या मोटारी गोदावरीतून पाणी ओढतात. पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाला जाळी असते, तिच्यात जलपर्णी आणि मासेमारीची फाटकी जाळी अडकली की पाणी बंद. मग दम धरून खाली जायचं आणि ते तोंड मोकळं करायचं. आबा वीस वर्षं हे करत होते, कमरेला कोयता लावून, कारण हाताला सवय त्याचीच. त्यांच्या कानांचे पडदे फाटून बुडी बंद झाली तेव्हा काम मी घेतलं, तोच कोयता कमरेला लावून. बाईमाणूस बुडी मारतं म्हणून लोक काठावर बघायला यायचे. आले तर आले. पाणी सुरू झालं की गुमान घरी जायचे.

त्या कोयत्यानं मला एकदा मारलंच होतं. त्याचं वाकडं टोक नायलॉनच्या जाळ्यात गुंतलं, ओढावं तसं आणखीच. शेवटी कमरेचा पट्टा सोडला आणि कोयता तिथेच टाकून वर आले. काठावर ओकले, रडले, आणि आबांना सांगितलं की आता पाण्यात कोयता नाही, चाकू नेणार. कोयता नदीत टाकून आले, याचंच त्यांना जास्त लागलं. त्याचा राग मला अजून आहे.

चाकू निवडणं सोपं नव्हतं. मोबाईलवर सगळे व्हिडिओ निळ्याशार समुद्रातले. भाले घेतलेले बाप्ये, पोटरीला काळेभोर टोकदार चाकू. आमच्या नदीत हातभर पुढचं दिसत नाही, सगळं चाचपून करायचं. तसला एक मी मागवला. पहिल्याच बुडीत त्याचं टोक माझ्याच मांडीत घुसलं, हातातून सुटला आणि काळा असल्यामुळे गाळात पुन्हा दिसलाच नाही. मग बाजारातला मिटणारा चाकू आणला, तर गारठलेल्या बोटांनी तो उघडेना. घरातल्या सुरीची लाकडी मूठ भिजून निसटायला लागली. आबा प्रत्येक वेळी बघायचे आणि म्हणायचे, भाजी चिरायची का नदीत?

शेवटी पुण्याला गेले. दुकानदारानं विचारलं, कोणासाठी हवाय. माझ्यासाठी, म्हटलं. त्यानं नाजूक, चकचकीत असा एक पुढे केला. तो बाजूला सारून मी त्याच्याकडे बादलीभर पाणी आणि साबण मागितला. हात साबणानं माखले, डोळे मिटले आणि एकेक चाकू म्यानातून काढून बघितला, आधी उजव्या हातानं, मग डाव्या. दुकानातली गिऱ्हाइकं हसत होती. हसू देत. जीव त्यांचा जाणार नव्हता. मी घेतला तो वीतभर लांब, टोक छिन्नीसारखं सपाट, एका बाजूला धार आणि दुसऱ्या बाजूला करवतीचे दाते, कारण ढिल्या नायलॉनवरून नुसती धार घसरते. मूठ भगव्या रंगाची. पोटरीला बांधायचा पट्टा मी फेकून दिला. पायच अडकला तर पायाशी हात कसा नेणार? कमरेवर पुढच्या बाजूला लावला, दोन्ही हातांना सापडेल असा.

त्या वर्षी खंडेनवमीला आबांनी पाट मांडला. त्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायची नाहीत, ही आमच्यात रीत. त्यांचा दुसरा कोयता, कुऱ्हाड, पहार, सगळं ओळीनं बसलं. मी चाकू ठेवायला गेले तर त्यांनी हात आडवा धरला. हे हत्यार न्हाई, म्हणाले. मी भांडले नाही, पण आतून पेटले होते. ज्या चाकूवर माझा जीव होता त्याला त्यांच्या पाटावर बोटभर जागा नव्हती.

त्याच सकाळी नदीकाठचा एक शेतकरी आला. त्याची मोटार पाणी ओढत नव्हती. आबांनी मला न विचारताच त्याला परत पाठवलं, आज हत्यार उचलायचं नाही म्हणून. दुपारी त्याची बायको धापा टाकत आली. नवरा स्वतःच पाण्यात उतरला होता, पाय जाळ्यात अडकला होता, आणि वरच्या धरणातून सोडलेलं पाणी चढत होतं. पाइपाला धरून तो गळ्याइतक्या पाण्यात उभा होता.

आबा पाटाकडे बघत राहिले. हात पुढे गेला आणि थांबला. मी चाकू कमरेला लावला. ते काहीतरी बोलणार तेवढ्यात म्हटलं, "माझा कुठं पाटावर हाय?"

पळत नदीवर गेलो. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं. मी पाइप धरून खाली गेले, डाव्या हातानं त्याचा घोटा शोधला. जाळं इतकं आवळलेलं की बोट शिरत नव्हतं. सपाट टोक त्याच्या कातडीवरून आत सरकवलं, पातं जरासं तिरकं करून दाते जाळ्याला लावले आणि ओढलं. दोनदा दम घ्यायला वर यावं लागलं. तिसऱ्या बुडीला पाय सुटला. काठावर त्याच्या बायकोनं पाय चोळून बघितला, वळ होते, पण चाकूचा ओरखडा एकही नव्हता.

घरी आल्यावर आबांनी माझ्याकडून चाकू मागून घेतला. धुतला, धोतराला पुसला, हळदकुंकू वाहिलं आणि कोयता सरकवून पाटाच्या मधोमध ठेवला. "चुकलं माजं," म्हणाले. इतकी वर्षं हे ऐकायला मी आसुसले होते. तरी मी चाकू उचलला.

"न्हाई आबा. पाटावर बसला की उद्यापतूर हात लावायचा न्हाई. आन् आज मी गेले नसते तर तो मानूस गेला असता. ह्यो कमरंलाच ऱ्हाईल."

आबा खाली वाकले आणि खंडेनवमीच्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, स्वतःच्या हातानं पाटावरचा कोयता उचलून कोपऱ्यात ठेवला.