आईने निवडलेलं पिल्लू

काल शेजारणीने तिच्या कुत्र्याला आंघोळ घातली. ओल्या केसांचा वास दारातून आत आला आणि मला गोंदियातली एक जुनी दुपार आठवली.

मला नागपूरला नोकरी लागली होती. गावी, अर्जुनी मोरगावला, आई एकटी राहणार, म्हणून तिला टेरिअरचं पिल्लू घेऊन द्यायचं मी ठरवलं. "मले कायले कुत्रा पाहिजे?" असं ती गोंदियाला जाताना वाटभर म्हणत होती. विकणाऱ्याने टोपली पुढे केली. सगळी पिल्लं आईच्या बोटांशी खेळू लागली. एकच पाठ करून बसलं होतं. आईने हात लावताच ते चावलं.

"वो मत लो, माँजी," विकणारा म्हणाला.

"हेच घ्याचं," आई म्हणाली.

"काऊन पण?" मी विचारलं. परतीच्या बसमध्ये ती पिल्लाच्या डोळ्यांवरचे राठ केस बोटाने मागे सारत राहिली. ते झोपल्यावर, माझ्याकडे न पाहता, म्हणाली, "आता तू जा."

ती परवानगी होती की राग, हे मला कधीच कळलं नाही. शेवटी आज सकाळी मी फोनवर विचारलं.

"मी तं काईच नाही बोलली," आई म्हणाली. "तूच रडून राहिली होती बसमध्ये."

मला माझं रडणं आठवतच नाही.