दुपारचं जेवण धरून पगार

मनीषनगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका कुणाचा पुण्याचा पगार ऐकला की लगेच उलटतपासणी घेतात. "घरभाडं किती गा? पोह्याची प्लेट केवढ्याची?" आणि शेवटी ठेवणीतला प्रश्न: "दुपारी घरी जेवाले येता येते का?" नाही म्हटलं की खूश. "मंग आपला नागपूरचाच पगार जास्त!" ते स्वतः रोज एक वाजता ऑफिसातून स्कूटरने घरी जेवायला येतात.

यंदा त्यांच्या लेकीनेच पुण्याची नोकरी धरली. चिडवायला म्हणून मी मुद्दाम एक वाजता गेलो. काका लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून जेवत होते. फोनमध्ये लेक डबा खात होती.

"आता काय म्हणता, काका?"

"पगार चांगला आहे तिचा," ते म्हणाले. "दुपारी घरीच जेवून राहिली ना!"